पत्र्या मारुती

पुण्यात मारुतींना तोटा कधीच नव्हता. जिलब्या मारुती आहे, सोन्या मारुती आहे, डुल्या मारुती आहे, भिकारदास मारुती आहे, आणि आमच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर नारायण पेठेत पत्र्या मारुती आहे. त्यामुळे १९८३ साली मारुती नावाची मोटार निघाली, तेव्हा तिला टोपणनाव शोधायला आम्हाला काडीचे कष्ट पडले नाहीत. समोरच्या बिऱ्हाडातल्या वकीलसाहेबांनी वर्तमानपत्रातला फोटो चष्मा वर करून पाहिला, नुसत्या फोटोवरून पत्र्याची जाडी ठरवली आणि निकाल दिला, "हा आपला दुसरा पत्र्या मारुती. याला शेंदूर लावा, चालवू नका."

वकीलसाहेबांना असा निकाल द्यायचा अधिकार होता, कारण वाड्यात चारचाकी फक्त त्यांच्याकडे होती. त्यांची फियाट दिंडी दरवाजाशी उभी असे. दर रविवारी सकाळी तिचं बॉनेट उघडलं की आमच्या पेठेतले सगळे गाडीबाज तिथे जमत. कोपऱ्यावरचे डॉक्टर येत, त्यांची अ‍ॅम्बॅसेडर. गॅरेजवाले चाचा येत; त्यांची स्वतःची गाडी नव्हती, पण पेठेतल्या प्रत्येक गाडीच्या पोटात त्यांचा हात जाऊन आलेला. एक कॉलेजचा पोरगा येई. तो अप्पा बळवंत चौकातल्या रद्दीतून परदेशी मोटारींची मासिकं आणून वाचायचा आणि गाडी सोडाच, त्याच्याकडे सायकलसुद्धा भावाची होती. आणि येत आमचे काका. काका विम्याच्या कचेरीत होते. त्यांच्याकडे स्कूटर होती, आणि तीही आठ वर्षं नंबर लावून मिळालेली.

आता १९८६ साली या सभेत जो गदारोळ झाला तो समजायचा, तर आम्हाला त्याआधी कशाची सवय होती ते सांगितलं पाहिजे. आम्हाला 'नवीन मॉडेल' या गोष्टीची सवयच नव्हती. अ‍ॅम्बॅसेडर म्हणजे मुळात विलायतेतली मॉरिस ऑक्सफर्ड. ती १९५७-५८च्या सुमारास कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याला आपल्या नावानं जन्माला आली. मग तिची मार्क टू निघाली. १९७५ साली मार्क थ्री निघाली, १९७९ साली मार्क फोर निघाली. दर वेळी काय बदलायचं? मुख्यतः पुढची जाळी. देह तोच. डॉक्टरांनी मार्क टू विकून मार्क थ्री घेतली, तेव्हा त्यांच्या कंपाउंडरला महिनाभर पत्ता लागला नव्हता. त्याला वाटलं, साहेबांनी गाडी धुतली.

फियाटची तऱ्हा वेगळी. पन्नाशीतल्या जुन्या फियाटला आपल्या लोकांनी तिच्या नाकावरून 'डुक्कर फियाट' म्हटलं. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे. मग सिलेक्ट आली, सुपर सिलेक्ट आली, १९६४ साली ११०० डिलाइट आली. पुढे कुर्ल्याच्या कारखान्यानं तिचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट ठेवलं आणि लगेच प्रीमियर पद्मिनी ठेवलं. डिलाइट, प्रेसिडेंट, पद्मिनी, तिन्ही मिळून गाडी एकच. लग्नानंतर मुलीचं नाव बदलतात तसं. माहेरची माणसं शेवटपर्यंत जुन्याच नावानं हाक मारणार. वकीलसाहेब पद्मिनी कधी म्हणालेच नाहीत. कागदावर पद्मिनी, तोंडात फियाट.

अशा देशात मोटारीच्या रूपावरून भांडायला विषयच नव्हता हो. भांडण व्हायचं ते अ‍ॅम्बॅसेडर श्रेष्ठ की फियाट श्रेष्ठ एवढ्यावर. शैव आणि वैष्णवांसारखं. शंकराला नवीन मॉडेल येत नाही.

आणि मग मारुती आली. या नावाची पहिली कंपनी १९७१ साली निघाली होती आणि लोकांच्या मोटारीचं स्वप्न दाखवून बसली होती. १९८१ साली सरकारनं नव्यानं मारुती उद्योग स्थापन केला, १९८२ साली जपानच्या सुझुकीशी करार झाला आणि १९८३च्या एप्रिलात नोंदणी सुरू झाली. दहा हजार रुपये भरा आणि वाट पाहा. गाडी अजून कुणी पाहिलेली नाही, चालवलेली तर नाहीच. तरी दोन महिन्यांत एक लाखाच्या वर लोकांनी दहा-दहा हजार भरले. त्यात आमचे काका होते.

दहा हजार म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगून कळायचं नाही. काकांनी फंडातून कर्ज काढलं. काकूंनी आठ दिवस अबोला धरला. आणि काकांनी वर्तमानपत्रातला त्या गाडीचा फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून खळीनं चिकटवला. धोतर काढताना दर्शन, ठेवताना दर्शन.

त्या फोटोचं आमच्या आजीनंही दर्शन घेतलं. आजीचं वय तेव्हा ऐंशीच्या पुढे. तिला पालीच्या बल्लाळेश्वराला जायचं होतं, आणि एसटी तिला लागायची. शिवाजीनगरला बसली की वाकडेवाडीला लागायची, इतकी लागायची. काकांनी तिला फोटोत बोट घालून दाखवलं, "आई, हिची मागची काच बघ. ती आख्खी वर उचलते. खिडकी उघडावी तशी." हे खरंच होतं. त्या पहिल्या मारुतीला मागे पुरता दरवाजा नव्हता, नुसती काच वर उघडायची आणि सामान वरून आत सोडायचं. आजी म्हणाली, "मग मी मागे बसेन. काच उघडी ठेव म्हणजे मला वारा लागेल." काका म्हणाले, "ठेवीन." चालत्या गाडीची मागची काच उघडी ठेवायची नसते हे त्या वेळी दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी काका ठेवीनच म्हणाले असते.

१४ डिसेंबर १९८३ला दिल्लीत इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली. किंमत पन्नास हजारांच्या आतबाहेर. पुण्यात ती दिसायला लागली तेव्हा रविवारच्या सभेनं तिची यथास्थित चिरफाड केली. इंजिन ७९६ सीसी; वकीलसाहेबांच्या फियाटचं १०८९, डॉक्टरांच्या अ‍ॅम्बॅसेडरचं १४८९. सिलिंडर तीन! "तीन पायांची म्हैस कुणी घेतली आहे का?" डॉक्टर म्हणाले. चाकं बारा इंची, म्हणजे हातगाडीला शोभतील अशी. आणि गाडी पुढच्या चाकांनी चालायची. याचं तर वकीलसाहेबांना फारच वाईट वाटलं. "मागच्या चाकांना काम नाही? मग ती लावली कशाला, शोभेला?" साबणाची डबी, काड्यापेटी, खेळण्यातली मोटार, असली सगळी नावं तिला त्या तीन वर्षांत त्या बॉनेटभोवती मिळाली. काका मुकाट ऐकून घेत. त्यांचा नंबर बराच खाली होता.

१९८५च्या थंडीत आजी गेली. पाली राहिली.

आणि १९८६ साली बातमी आली की मारुतीचं रूप बदललं. जाळी नव्हे, नाव नव्हे. आख्खी गाडी बदलली! इंजिन तेच ७९६चं, चाकं तीच बारा इंची, पण अंगावरचा पत्रा नवा. आधीची सगळीकडून चौकोनी होती, ही जरा घासून गोल केलेली. थोडी लांब, थोडी उंच, चाकांमधलं अंतर जेमतेम इंचभर जास्त. आत बसलं की डोकं छताला लागत नव्हतं. आणि मागे नुसत्या काचेऐवजी काचेसकट वर उचलणारा दरवाजा.

त्या रविवारची सभा मी विसरणार नाही. मला वाटलं होतं, वकीलसाहेब म्हणतील, "बघा, मी सांगत होतो, पहिली टाकाऊच होती." छे! वकीलसाहेब उभे राहिले ते जुन्या मारुतीची बाजू घेऊन. "काय ती रेघ होती! करवतीनं कापल्यासारखी. गाडी कशी चौकोनीच पाहिजे. ही काय, पावसात भिजलेला पुठ्ठा?" तीन वर्षं ज्या गाडीला ते काड्यापेटी म्हणत होते, तिचं ते श्राद्ध घालत होते आणि डोळे पुसायचेच काय ते बाकी होते. डॉक्टरांचं म्हणणं पडलं की जुनीचा चेहरा प्रामाणिक होता, हिचा चेहरा शेअर बाजारातल्या माणसासारखा आहे. ज्यांनी जुनी मारुती घेतली होती ते शेजारच्या आळीतले एक व्यापारी मुद्दाम गाडी घेऊन आले आणि म्हणाले, "आता ही निघणार नाही म्हणतात. म्हणजे किंमत वाढणार." दुसऱ्याच वाक्यात म्हणाले, "पण लोक आता मलाच विचारतात, जुनी का घेतलीत?" त्यांची दोन्ही दुःखं खरी होती.

त्यानंतर मी अनेक गाड्यांची रूपं बदलताना पाहिली. शौकीन माणूस नव्या रूपाला नावं ठेवतो तेव्हा तो गाडीविषयी फारसं बोलत नसतो, असं माझं मत त्या रविवारी झालं आणि ते अजून बदललेलं नाही. ज्यानं घेतली आहे त्याला वाटतं आपण फसलो; ज्यानं घ्यायची ठरवली आहे त्याला वाटतं आपल्याला विचारलं नाही; आणि ज्याला घ्यायचीच नाही त्याची शिव्यांची सगळी तयारी जुन्या रूपावर केलेली असते, ती वाया जाते. वकीलसाहेबांचं हे तिसरं होतं. त्यांना आता नव्या उपमा शोधायच्या होत्या.

शांत होते फक्त चाचा. ते नव्या गाडीखाली एकदा जाऊन आले, हात पुसले आणि म्हणाले, "इंजन वही है, साहब. कपडा बदला है." मला तरी त्या सभेतलं हे एकच तांत्रिक मत वाटलं.

कॉलेजच्या पोरानं मात्र सभेवर बाँब टाकला. त्याच्या मासिकात होतं की जपानात सुझुकीनं ते जुनं रूप १९७९ साली काढलं आणि १९८४च्या सप्टेंबरात बदललंसुद्धा. म्हणजे दिल्लीत पहिली किल्ली दिली गेली, तेव्हा त्या रूपाचं माहेरी नऊ महिन्यांचं आयुष्य उरलं होतं. आपल्याकडे बारसं चाललं होतं आणि तिकडे पेन्शनचे कागद तयार होत होते! सभा गप्प झाली. ज्या देशात एकच गाडी जाळी बदलून तीस वर्षं चालते, त्या देशातल्या माणसांना पाच वर्षांत गाडी म्हातारी होते हे पचणं कठीण. वकीलसाहेब एवढंच म्हणाले, "पाच वर्षांत तर आमचा दावा बोर्डावर येत नाही."

काकांचं पत्र आलं ते याच सुमारास. नंबर लागला होता. गाडी अर्थातच नव्या रूपाची. किंमतही वाढलेली, कारण १९८५नंतर जपानी येन महाग होत चालला होता. किमतीबद्दल काका काही बोलले नाहीत. ते म्हणाले, "मी ही गाडी बुक केलेली नाही."

आम्ही सगळ्यांनी समजावलं. नवी जास्त ऐसपैस आहे, मागे सामान सरळ ठेवता येतं. काकांचं एकच, "मागची काच उघडत नाही." अहो, आख्खा दरवाजा उघडतो की! "काच उघडत नाही." ते इथवर गेले की शेजारच्या आळीतल्या त्या व्यापाऱ्याकडे जाऊन आले. तुमची जुनी मला द्या, माझा नवा नंबर तुम्ही घ्या. तीन वर्षं वापरलेल्या गाडीच्या बदल्यात कोरी गाडी! व्यापाऱ्याला हा कसला तरी डाव आहे असं वाटलं आणि त्यानं चहा पाजून काकांची बोळवण केली. पेठेत बातमी पसरली की विम्याच्या साहेबांचं डोकं फिरलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन त्यांना झोप लागते का म्हणून विचारलं.

दहा हजार व्याजासकट परत मागायचा अर्जही काकांनी लिहिला होता. तो टपालात टाकायला त्यांनी माझ्याकडे दिला आणि तो माझ्या हातातून काकूंनी काढून घेतला. "सासूबाईंना काच उघडी ठेवीन म्हणाले होते ना," काकू म्हणाल्या, "म्हणून चाललंय हे सगळं." मग अर्जाची घडी करून त्यांनी ती कणकेच्या डब्याखाली ठेवली आणि काकांना आत जाऊन सांगितलं, "गाडी घ्या. पालीला आपण जाऊ."

गाडी आली. पांढरी. वकीलसाहेबांनी नारळ फोडला आणि पत्र्यावर बोटानं टकटक करून पाहिली. पुढच्या रविवारी आम्ही पालीला निघालो: मारुतीत काका, काकू, मी आणि माझी बहीण; मागून वकीलसाहेबांची फियाट, त्यात ते आणि डॉक्टर. हे दोघे देवाला येत नव्हते. परतीच्या वाटेवर ७९६ सीसी चार माणसं घेऊन खंडाळ्याचा घाट चढते की नाही, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं.

दर्शन झालं. खोपोली सोडून घाट चढायला लागलो, तेव्हा काकांच्या मानेवरचा घाम मला मागून दिसत होता. दुसरा गिअर, पहिला गिअर, पुन्हा दुसरा. समोर ट्रक, त्याच्यामागे आम्ही, आणि आरशात फियाट. शिंग्रोबाच्या देवळापाशी काकांनी गाडी बाजूला घेतली. घाटात जाणाऱ्या ड्रायव्हरनं शिंग्रोबाला पैसा टाकायचा असतो. ज्या धनगरानं घाटाची वाट दाखवली असं सांगतात, त्याचं ते देऊळ. काकांनी पाच रुपयांची नोट टाकली. मला वाटतं, त्यात तीन वर्षांचं व्याज होतं.

फियाट पोचली ती वाफा टाकत. दोष फियाटचा नव्हता. वादविवादाच्या भरात वकीलसाहेबांनी निघताना रेडिएटरचं टोपण नीट बसवलंच नव्हतं. अर्थात हे त्यांनी तिथे मान्य केलं नाही. ते म्हणाले, "मोठ्या इंजिनाला तहान मोठी." बॉनेट उघडून सगळे थंड व्हायची वाट पाहत उभे राहिलो. दुपारचे दोन. ऊन डोक्यावर, झाड जवळ नाही.

तेव्हा काकांनी मारुतीचा मागचा दरवाजा उचलला. तो वर जाऊन छपरासारखा उभा राहिला आणि खाली बेताची, दोन माणसांपुरती सावली पडली. काकूंनी तिथे डबा उघडला. धपाटे, दही, लिंबाचं लोणचं. वकीलसाहेब आधी उन्हातच तत्त्वाला धरून उभे होते. मग डोकं तापल्यावर तेही सावलीत शिरले. काका त्या दरवाजाकडे वर बघत बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "काचेची सावली पडली नसती."

"नसतीच," काकू म्हणाल्या. "आईंना ऊन लागलं असतं. घ्या, धपाटा घ्या."

एवढ्यावर तो खटला निकाली निघाला. वकीलसाहेबांनी मात्र अपील चालू ठेवलं. १९८६च्या त्या रूपाला ते पुढे दहा वर्षं भिजका पुठ्ठा म्हणत राहिले. १९९७ साली मारुतीचं तोंड पुन्हा बदललं, दिवे गोलसर झाले, कडा आणखी घासल्या गेल्या. त्या रविवारी वकीलसाहेब कळवळून म्हणाले, "१९८६ची काय गाडी होती! काय ती रेघ!" मी चाचांकडे पाहिलं. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "कपडा बदला है," ते म्हणाले.

सभेनं जिला चार वर्षांच्या बोलीवर जन्म दिला होता, ते रूप थोडंथोडकं नाही टिकलं. २०१०च्या एप्रिलात धुराचे नवे नियम आले आणि पुण्यासकट तेरा शहरांत मारुती ८०० विकणं बंद झालं. कारखान्यातून शेवटची बाहेर पडली ती जानेवारी २०१४मध्ये. अ‍ॅम्बॅसेडरही त्याच वर्षी थांबली. सीमेपलीकडे पाकिस्तानात हेच १९८६चं रूप 'मेहरान' या नावानं १९८९ साली आलं आणि २०१९पर्यंत निघत राहिलं. तिकडच्या वकीलसाहेबांनी त्या तीस वर्षांत काय केलं असेल, कुणास ठाऊक. फियाटचं, म्हणजे पद्मिनीचं उत्पादन शतक संपता संपता आटोपलं होतं, पण मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी उतरली ती २०२३च्या ऑक्टोबरात.

काकांनी आपली पांढरी मारुती १९९८ साली विकली. डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. घेतली ती एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलनं. त्यांनी शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा क्लच आणि ब्रेक बसवला, टपावर पाटी ठोकली, मागच्या दरवाजावर लाल रंगात 'एल' काढला. संध्याकाळी काका ओंकारेश्वराकडे फिरायला निघाले की कधीमधी ती समोरून यायची, आचके देत, मध्येच बंद पडत, आत कुणीतरी घामाघूम झालेला. काका काठी टेकून थांबत आणि ती पुन्हा चालू होऊन पुलाकडे वळेपर्यंत पाहत राहत.

"क्लच फार लवकर सोडतोय," ते मला म्हणत. "सांग रे कुणीतरी त्याला."